वाटंत काय पाह्यलं?

काशीबायच्या अंगणवाडीत रिकाम्या तोंडाने कोणालाही आत घेत नाहीत.

उंबऱ्याच्या आत, पाटावर, पाय लांब करून ती बसलेली असते. येणाऱ्याने बाहेर थांबायचं. ती विचारणार, "वाटंत काय पाह्यलं?" मग घरून इथे येईपर्यंत पाहिलेलं काहीतरी सांगायचं. तिने "हां. बस." म्हटलं की आत पाऊल टाकायचं. "काय नाय पाह्यलं" म्हणणाऱ्याला ती हाताने कुंपणाकडचा रस्ता दाखवते. "जा, पाहून ये." समोरचा तीन वर्षांचा असो की पंचावन्न, तिला फरक पडत नाही.

लस घेऊन येणारी नर्स थंड डबा खांद्याला लटकवून बाहेर उभी राहिलेली मी पाहिली आहे. सिलिंडरवाल्याने सिलिंडर खांद्यावर ठेवूनच "दोन बैल, एक लंगडा" असं सांगितलेलं ऐकलं आहे. एकदा गावचे सरपंच आले. त्यांनी हसत हसत "खड्डे पाहिले" म्हणून सांगितलं. काशीबाय म्हणाली, "ते तर तुझेच. दुसरं सांग."

नियम आणखी एक आहे. आधी कोणी सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही. राजूने काळा कुत्रा सांगितला की तो कुत्रा त्या दिवसापुरता राजूचा. दुसऱ्याने तोच कुत्रा आणला तर काशीबाय बोट वर करते. "खोटं चालेल, उसनं नाय चालणार." खोटं खरोखरच चालतं. एका पोराने चप्पल घातलेला वाघ सांगितला होता. तिने फक्त एवढंच विचारलं, "दोन्ही पायात का चारी?"

ही अंगणवाडी तलासरी तालुक्यात, वेवजीच्या अलीकडच्या एका पाड्यावर आहे. मी चिखल्याची. २०१६ साली मी तेवीस वर्षांची होते आणि डहाणूतल्या आमच्या तरुणांच्या गटासाठी पत्रकं लिहायचे. म्हणजे सगळी पत्रकं मीच लिहायचे, कारण बाकीच्यांना भाषणं आवडायची. जे पत्रक घेऊन मी तालुके पालथे घालत होते त्याचा मथळा होता: 'मुलांच्या तोंडची बोली हिसकावणाऱ्यांनो, उत्तर द्या!!!' माझा राग खरा होता आणि अजून आहे. पाड्यावरचं पोर घरी वारली बोलतं, बाजारात मराठी ऐकतं, टीव्हीवर हिंदी, आणि गुजरातच्या हद्दीपलीकडून आलेल्या दुकानदाराशी चार शब्द गुजराती. चार भाषा कानात घेऊन ते पहिलीत जातं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्याबद्दल शेरा पडतो, 'मूल बोलत नाही.' बोलणार कसं? त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्यच चूक ठरवता तुम्ही!

तर हे सगळं सुनवायला मी स्कूटीवरून त्या अंगणवाडीत पोचले. एप्रिलचं ऊन. मी उंबऱ्याशी उभी राहून सुरुवात केली, "नमस्कार, मी कार्यकर्ती..."

"वाटंत काय पाह्यलं?"

"मी पत्रक द्यायला आलेय."

"ते हातात दिसतंय. वाटंत काय पाह्यलं?"

"काही नाही. रस्ता."

"जा, पाहून ये."

मी बालहक्कांची कार्यकर्ती, आणि सतरा बालकं खिडकीच्या गजांना धरून मला उन्हात उभी असलेली पाहत होती. त्यातली दोन तर मला इशारे करून काय सांगू ते सुचवत होती. मी कुंपणाशी गेले, संतापून इकडेतिकडे पाहिलं, परत आले. "माझ्या स्कूटीच्या सीटवर शेळीने दोन पाय ठेवलेत."

"हां. बस."

मग तिने माझ्या हातातलं पत्रक घेतलं. मजकुराकडे पाहिलंही नाही. कागद उलटा केला, अंगठा फिरवला आणि चेहरा एकदम खुलला. "मागं कोरं हाय. किती आणलेस?"

मी एका पाड्यावर दहा द्यायचे. तिने गठ्ठाच ठेवून घेतला.

त्या कोऱ्या बाजूचं ती काय करते ते मला पुढच्या खेपेला कळलं. पोर उंबऱ्यावर जे सांगतं ते ती आत आल्यावर त्या कागदावर लिहिते. जसं सांगितलं तसंच. वारलीत सांगितलं तर वारलीत, मध्ये गुजराती शब्द आला तर तोही. वर पोराचं नाव. खाली जागा सोडते, तिथे पोर चित्र काढतं. मग पोराचं बोट धरून प्रत्येक शब्दाखालून फिरवत ती त्याचं वाक्य त्याला वाचून दाखवते. 'बैलाने रस्त्यात मुतलं.' तीन शब्द, तीन ठिकाणी बोट. प्रत्येक पोराचे कागद दाभणाने शिवून त्याची वही करते आणि भिंतीला ताणलेल्या तारेवर टांगते. महिन्या-दोन महिन्यांत पोरं आपापली वही नावावरून ओळखून ओढून काढतात. पुढे काहीजण बैल कुठे लिहिलाय आणि मुतलं कुठे लिहिलंय तेही दाखवतात. मुतलं आधी ओळखतात.

"अक्षरं कधी शिकवता?" मी विचारलं होतं.

"शिकवते कुठं? त्यांचंच त्यांना परत देते."

अक्षरांचे तक्ते तिला सरकारकडून आले होते. ते गुंडाळीतच माळ्यावर पडलेले. का लावत नाही विचारलं तर म्हणे, "त्यातली निम्मी फळं या पोरांनी खाल्ली नायत. आधी खाऊ दे, मग लावते." चिकूचा तक्ता आला असता तर तिने लावला असता, असं तिचं म्हणणं. आमच्या भागात चिकूच्या वाड्याच वाड्या, आणि तक्त्यावर चिकू नाही! यावर मी एक वेगळं पत्रक काढलं होतं. तेही तारेवर गेलं.

काशीबाय प्रेमळ वगैरे आहे असा कोणाचा समज होत असेल तर तो काढून टाका. ती कटकटी आहे. कागदावरून भांडते. निवडणुकीची पत्रकं गुळगुळीत असतात, त्यावर पेन्सिल घसरते, म्हणून प्रचाराला आलेल्या एका माणसाला तिने खडसावलं होतं की मतं हवीत तर खरखरीत कागदावर मागा. माझ्या पत्रकांच्या मजकुराबद्दल तिने आजवर एकच अभिप्राय दिला. उद्गारचिन्हांवर बोट ठेवून म्हणाली, "ह्या काठ्या एवढ्या कशाला? एका काठीनं म्हैस हलत नाय होय?" पण कागद बरा आहे, म्हणाली. माझ्या साहित्याला मिळालेली ही एकमेव दाद. मला ती नावाने कधी हाक मारत नाही. मी तिची 'कागदवाली'.

ती एकटी राहते. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगा वापीला कारखान्यात आहे, रविवारी फोन करतो. एकदा मी समोर असताना त्याचा फोन आला. "जेवलीस का?" "जेवले." "बरी हायस ना?" "बरी हाय." संपला. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडून वाक्यं उपसून काढणारी बाई फोनवर एवढंच बोलली, याचं मला त्या वेळी हसू आलं होतं.

आता वनीबद्दल सांगायला हवं.

वनी पाच पूर्ण केलेली, बारीक, डोळे मोठे. दोन वर्षं अंगणवाडीत यायची आणि दोन वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती. आईबाप पहाटे कामाला उंबरगावच्या बाजूला जात, घरी फक्त आजी, आणि आजीला ऐकू येत नाही. वनीला मात्र सगळं ऐकू येत होतं. पाय धू म्हटलं की धुवायची, खिचडीचं ताट पुढे करायची, कोणी नियम मोडला तर त्याच्याकडे टक लावून बघायची. फक्त बोलायची नाही.

काशीबाय तिलाही रोज उंबऱ्यावर थांबवायची. "वाटंत काय पाह्यलं?" वनी गप्प. आणि इथे मी पहिल्यांदा तिचा नियम वाकलेला पाहिला. वनीला "जा, पाहून ये" ती कधीच म्हणाली नाही. मनात दहापर्यंत मोजावं एवढा वेळ वाट पाहायची, "हां. बस." म्हणायची, आणि आत आल्यावर एक कागद घेऊन वर 'वनी' लिहायची. खाली काही नाही. कोरा कागद वहीत शिवायचा. वनी एकही दिवस चुकवत नसे, त्यामुळे तारेवरची सगळ्यात जाड वही तिची होती. एका बाजूला माझी काठ्या उगारलेली पत्रकं, दुसऱ्या बाजूला काही नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात सुपरवायझर म्याडम फॉर्म घेऊन आल्या. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा एक फॉर्म. त्यात एक रकाना होता: 'बोलते / बोलत नाही.' वनीच्या फॉर्मवर 'बोलत नाही'वर खूण करून सही करा, असं म्याडमचं म्हणणं. म्हणजे तिचं नाव तालुक्याच्या तपासणी शिबिराला जाईल आणि पुढे मुक्या मुलांच्या निवासी शाळेत सोय होईल. म्याडम वाईट नव्हत्या. त्यांना खरंच सोय वाटत होती.

"ती मुकी नाय," काशीबाय म्हणाली. "शेळीशी बोलते. मी कुडाआडून ऐकलंय."

"काशीबाई, शेळीचा दाखला फॉर्मला चालत नाही."

"मग थांबा."

"किती? पंधरा दिवसांनी मी फॉर्म न्यायला येणार. तोवर बोलली तर आनंदच आहे. नाहीतर सही करा, नाहीतर मी करते."

वनीच्या बापाने म्याडमना आधीच मान डोलावली होती. लांबच्या शाळेत दोन वेळचं जेवण मिळेल एवढंच त्याला कळलं होतं.

मी पेटले. त्याच दिवशी डहाणूला गेले आणि आयुष्यातलं सर्वात जळजळीत पत्रक लिहिलं. 'वनी मुकी नाही! तिला मुकी ठरवणारे बहिरे आहेत!!!' मजकूर एका बाजूला मावेना, म्हणून दोन्ही बाजूंनी छापलं. पाचशे प्रती. चारोटी नाक्यावर वाटायच्या आधी काशीबायला दाखवाव्यात म्हणून गठ्ठा घेऊन अंगणवाडीत गेले.

तिने एक प्रत उचलली. सवयीने आधी उलटी केली. मग पहिल्यांदाच माझं पत्रक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर सगळा गठ्ठा उचलला, पत्र्याच्या पेटीत टाकला आणि वरून कुलूप लावलं.

"अहो, काय करताय!"

"पाच वर्षांची पोर. तिचं नाव चारोटीच्या वडापावाला गुंडाळायला देतेस?"

"अन्याय होतोय तिच्यावर! गप्प बसायचं का आपण?"

"गप्प कोण बसलंय? मी रोज विचारते तिला." मग कुलूप ओढून पाहत म्हणाली, "आणि दोन्ही बाजू भरल्यास. आता पोरांनी लिहायचं कशावर?"

मी दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी परत गेले, कारण ती म्हणाली ते बरोबर होतं आणि ते मला झोंबत होतं. चुकीची भरपाई म्हणून तिने मला कामाला लावलं. आठवडाभर दाराशी बसून सवाल मी करायचा, ती आत खिचडीचं बघणार. मदतनीस रजेवर गेली होती. मला वाटलं, मी तरुण आहे, गोड बोलते, माझ्याशी वनी बोलेल. वनी माझ्याकडे अशी बघायची जणू मी पाटावर चुकून बसले आहे.

पंधरावा दिवस आला. आदल्या संध्याकाळी म्याडमचा निरोप होता: मागल्या दोन वर्षांची रजिस्टरं काढून ठेवा, फॉर्मबरोबर तीही तपासणार. ती काशीबायच्या घरी कपाटावर होती. ती घेऊन यायची म्हणून सकाळी तिने मला किल्ली दिली. "तू उघड. पोरांना घे. मी आलेच."

मी दार उघडलं, पाटावर बसले. पोरं एकेक करून आली. कोणी मोटरसायकलवरून चाललेला बोकड सांगितला, कोणी भांडणारे दोन काका. वनी आली. "वाटेत काय पाहिलंस?" मी विचारलं. दहापर्यंत मोजलं. मग पंधरापर्यंत. शेवटचा दिवस, म्हणून वीसपर्यंत. काही नाही. "हां. बस," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. वनी दाराच्या अगदी जवळ, भिंतीला टेकून बसली.

तेवढ्यात काशीबाय घाईघाईने आली. काखेत रजिस्टरं, पदर सुटलेला, कपाळावर घाम. आली तशी थेट उंबरा ओलांडून आत.

"बाय."

आवाज बारीक होता पण स्पष्ट. मला आधी कळलंच नाही कुठून आला. वनी उभी राहिली होती.

"बाय, वाटंत काय पाह्यलं?"

मी उठून ओरडणार होते. काशीबायने माझ्याकडे न बघताच हात आडवा केला. ती वनीकडे पाहत राहिली.

"मी?" ती म्हणाली. "मी काय... काय नाय, पोरी. घाईत आले."

वनीने हात वर करून कुंपणाकडचा रस्ता दाखवला. "जा, पाहून ये."

नंतर कितीतरी वेळा मी डोकं लावलंय त्यावर. वनीला बोलतं करायला आम्ही सगळे तिला विचारत होतो. आणि तिला त्या सकाळी एवढंच दिसलं होतं की कोणीतरी न सांगता आत आलंय. इतक्या वर्षांत काशीबाय कधी पोरांच्या नंतर आलीच नव्हती. कुलूप तीच काढायची, पाटावर तीच बसायची. तिला उंबऱ्यावर थांबवायला आत कोणी नसायचंच.

काशीबायने रजिस्टरं खाली ठेवली आणि निमूट बाहेर गेली. कुंपणाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

नेमक्या त्याच वेळी म्याडमची गाडी थांबली. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"काशीबाई, उन्हात काय करताय?"

"पाठवलंय."

"कोणी?"

"वनीनं."

मग दोघी दाराशी आल्या. काशीबाय उंबऱ्याच्या बाहेर थांबली. म्याडमही थांबल्या.

"दार लावून निघाले," काशीबाय वनीला म्हणाली. आवाज नेहमीचाच, रजिस्टर वाचावं तसा. "म्हातारा होता तवा दारात बसायचा. मी निघाले की वळून पाहायची, तो हात करायचा. अजून रोज वळून पाहते. आज पण पाह्यलं. दारात कोण नाय."

वनीने नीट ऐकून घेतलं. हे आधी कोणी सांगितलंय का, असं आठवत असावी.

"हां," ती म्हणाली. "बस."

काशीबाय आत आली आणि पाटावर न बसता पोरांच्या रांगेत वनीशेजारी बसली. वनीने मग म्याडमकडे पाहिलं. म्याडमना नियम माहीत होता. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी... काशीबाईंना कुंपणाशी एकटं उभं राहिलेलं पाहिलं."

"हां. बस."

हे सगळं लिहायला हवं होतं, आणि आजच्यासाठी कोरा कागद एकही नव्हता; वनीच्या वहीतले कोरे कागद तिच्या गप्प दिवसांचे. माझी कर्तबगारी! पेटीत पाचशे प्रती, दोन्ही बाजूंनी भरलेल्या. काशीबायने म्याडमच्या हातातून वनीचा फॉर्म घेतला, उलटा केला, अंगठा फिरवला आणि माझ्यापुढे ठेवला. "लिही, कागदवाली. आज मी पोरांत हाय." मी वर 'वनी' लिहिलं आणि खाली तिचं वाक्य, 'बाय, वाटंत काय पाह्यलं?' वनीचं बोट धरून काशीबायने ते शब्दाशब्दाखालून फिरवलं. मग म्याडमनी फॉर्म सुलटा करून 'बोलते'वर खूण केली आणि सही केली.

फॉर्म अर्थातच त्यांच्याबरोबर तालुक्याला गेला. दुसऱ्या दिवशी काशीबायने माझ्या डोक्यावर खापर फोडलं: पोरीचं पहिलं वाक्य तुझ्यामुळे कचेरीत जाऊन पडलं, कोरा कागद असता तर इथं राहिलं असतं. मी तलासरीला जाऊन अर्ज केला, एकही उद्गारचिन्ह न घालता. झेरॉक्स मिळाली. ती वनीच्या वहीत शिवली आहे, कोऱ्या कागदांच्या ढिगाच्या शेवटी.

तेव्हापासून काशीबाय रोज पोरांच्या पाच मिनिटं नंतर येते. रजेवरून परतलेली मदतनीस दार उघडते आणि पाटावर एखादं पोर बसतं. सेविकेने मुलांच्या आधी हजर असावं असा नियम आहे. म्याडमना हे माहीत आहे, त्यांनी अजून नोटिशीचा कागद काढलेला नाही.

तारेवर आता एक वही जास्त आहे. वर नाव 'बाय'. कागद मी पुरवते, एका बाजूने कोरे. पहिल्या पानांवर दार आहे, दार आणि दार. पुढे हळूहळू दुसरंही दिसायला लागलं आहे: चिंचेखाली झोपलेला कुत्रा, नवीन विहिरीचा पंप. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या आठवड्यातलं पान मला पाठ आहे. दप्तर घेतलेल्या एका मुलीचं वाकडंतिकडं चित्र, आणि वर लिहिलेलं:

'आज मागं वळून पाह्यलं नाय. पुढं वनी उभी होती.'